नऊ मेंढ्यांचे मामा

मामांना फोन लावला की ते उचलत, पण बोलत नसत. पलीकडे कुणीतरी श्वास घेतंय एवढंच ऐकू यायचं. आपण दोनदा हॅलो म्हणायचं, नाव सांगायचं, काम सांगायचं, मग सावकाश प्रश्न यायचा, "नंबर कुनी दिला?" देणाऱ्याचं नाव सांगितलं की फोन बंद. अर्ध्या तासाने त्यांचाच फोन यायचा. मधल्या वेळात त्यांनी नंबर देणाऱ्याला गाठून मी कोण, कुठला, दिसायला कसा, हे सगळं विचारून घेतलेलं असे. पहिल्या खेपेला मला याची गंमत वाटली. ओळख होऊन तीन आठवडे झाल्यावरही त्यांनी हेच केलं तेव्हा मी चिडलो. तर म्हणाले, "आवाज कुनाचा बी काडता येतो आजकाल."

मीही काही भोळा माणूस नव्हे. पस्तीस वर्षं विमा कंपनीच्या क्लेम्स विभागात काढली. जळालेली गोदामं, भिजलेला माल, चोरीला गेलेल्या मोटारी, सगळं माझ्या टेबलावरून जायचं आणि यातलं खोटं कोणतं हे शोधणं हे माझं काम होतं. समोर आलेला कागद मी आधी उलटा करून बघायचो. निवृत्त झालो तरी ती खोड गेली नाही. भाजीवाल्याने न मागता कोथिंबीर टाकली तरी माझ्या मनात येतं, हा आज एवढा खूश का? त्यामुळे मामा आणि मी समोरासमोर आलो ते एका भिंतीवर दोन बोके यावेत तसे.

मामांची गरज पडली ती कुत्र्यामुळे. दादरजवळच्या आमच्या नायगावच्या घरात कुत्रं आणलं मुलाने. काळं-पांढरं केसाळ पिल्लू, परदेशी मेंढपाळांची जात. मुलाने त्याचं नाव ब्रूनो ठेवलं, त्याचे शंभर फोटो काढले, आणि तीन महिन्यांत बंगळुरूची नोकरी धरून निघून गेला. राहिलो मी, बायको आणि ब्रूनो. पिल्लू गुणी होतं. फक्त त्याची बघण्याची तऱ्हा अशी, की तुम्ही काहीतरी लपवताय याची त्याला खात्री आहे आणि ते उघडकीला येईपर्यंत तो हलणार नाही.

आठव्या महिन्यात त्याच्या अंगातला वंश जागा झाला. सोसायटीच्या आवारात पोरं खेळत असली की हा त्यांच्याभोवती वाकून, पोट जमिनीला लावून चकरा मारायचा आणि सगळ्यांना मीटरच्या खोलीजवळ कोपऱ्यात गोळा करायचा. चावायचा नाही, ओरडायचा नाही. पोरांना मजा वाटायची, आयांना वाटायची नाही. मग एके सकाळी गच्चीवर फेऱ्या मारणाऱ्या पाच बायकांना त्याने पाण्याच्या टाकीला लावून वीस मिनिटं उभं केलं. त्यातून सेक्रेटरींच्या सासूबाई एकट्या निसटल्या. कळप सोडून चाललेल्या जनावराला जे करायचं ते ब्रूनोने केलं, टाचेला दात लावले. रक्त नाही आलं, पण सोसायटीचं पत्र आलं. दिवाळीपर्यंत कुत्रा इमारतीबाहेर गेला पाहिजे.

बायको दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी तिने कणकवलीजवळच्या भावाला फोन लावला. त्याच्याकडे तीस शेळ्या आहेत. तिने फोन माझ्या हातात दिला. तो म्हणाला, "भावोजी, कुत्रो घेतंय मी. पण माझ्या शेळयेक एकदा जरी दात लागलो, तर परत धाडतलंय. आधी कोणाकडसून तरी शिकवन घेवा." म्हणजे प्रश्न सरळ होता. दिवाळीच्या आत ब्रूनो खऱ्या जनावरांवर तयार झाला तर त्याला डोंगर, शेळ्या आणि घरचं माणूस मिळणार. नाहीतर कुठल्यातरी प्राण्यांच्या निवाऱ्यातला पिंजरा. अशा कुत्र्याचं पिंजऱ्यात काय होतं ते मला कुणी सांगायची गरज नव्हती. आमच्या दोन खोल्यांत काय होत होतं ते मी बघतच होतो.

मुंबईत कुत्र्याला शेकहँड शिकवणारे पुष्कळ. दादरहून एक तरुण आला, गळ्यात शिट्टी, कमरेला बिस्किटांची पिशवी. मी म्हटलं, शेळ्यामेंढ्यांवर सोडायचंय. तो म्हणाला, "सर, आपण बॉल वापरू ना. सेम इन्स्टिंक्ट आहे." मी त्याला चहा पाजून परत पाठवला. शेवटी परळच्या एका डॉक्टरांच्या दवाखान्यात ब्रूनोला लस द्यायला नेलं असताना तिथला कंपाउंडर हळूच म्हणाला, "अँटॉप हिलला एक म्हातारा आहे. जित्ती मेंढरं आहेत त्याच्याकडे. माणूस तिरपागडा आहे. पण साहेब, मुंबईत दुसरं आहे कोण?"

तर हे मामा. वय सत्तरीच्या पुढे, खाकी शर्ट, त्याच्या खिशाला वरून सेफ्टी पिन लावलेली. सरकारी वसाहतीच्या मागच्या भिंतीला लागून पत्र्याची एक शेड, पुढे टेनिसच्या मैदानाच्या अर्धं असेल एवढं कुंपण, आणि आत नऊ मेंढ्या. फाटकाला दोन कुलपं. शिवाय बिजागरीत लोकरीचा एक केस अडकवलेला, म्हणजे मागे कुणी फाटक उघडलं तर कळावं. पहिल्या दिवशी त्यांनी मला आत घेतलंच नाही. समोरच्या चहाच्या टपरीवर कुत्र्याला घेऊन बसायला सांगितलं आणि स्वतः पत्र्याच्या फटीतून आमच्याकडे बघत राहिले. दीड तास. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी बाहेर आले आणि म्हणाले, "कुत्र्याचा जन्माचा दाखला हाय का?"

मी म्हटलं, "कशाला?"

"तुमचंच हाय कशावरनं? मोठ्या घरचं कुत्रं दिसतंय. तुमी तसं दिसत न्हाय."

मी एवढा वेळ या माणसाला कुत्री पळवून विकणारा समजत होतो. हा मलाच कुत्रेचोर समजून बसला होता. दुसऱ्या दिवशी मी लसीकरणाची फाइल, मुलाच्या नावाची पावती आणि माझं आधार कार्ड घेऊन गेलो. त्यांनी फाइल उलटीसुलटी करून बघितली, फोटोशी ब्रूनोचं तोंड ताडून पाहिलं, आणि मग एक कुलूप उघडलं. दुसरं उघडायला आणखी एक दिवस गेला.

मामा मूळचे माण तालुक्यातले, धनगराच्या घरातले. सोळाव्या वर्षी मुंबईला आले आणि एका प्रयोगशाळेत जनावरांकडे बघायची नोकरी धरली. एवढं त्यांनी सांगितलं. कुठली प्रयोगशाळा, कसली जनावरं, हे विचारलं की ते मेंढीचा खूर तपासायला वाकत. चहा घ्यायचा तर टपरीवाल्याने त्याच किटलीतून आधी दुसऱ्या कुणाला तरी दिलेला असला पाहिजे. तसं गिऱ्हाईक नसलं तर मामा गिऱ्हाईक येईपर्यंत थांबत. मेंढ्या मोजायच्या तर बघून मोजत नसत, प्रत्येकीच्या पाठीवर हात ठेवून मोजत. कुणी "विश्वास ठेवा हो मामा" म्हटलं, की त्यांचं उत्तर ठरलेलं, "इस्वास हाय की. पर दावं हातातनं सोडायचं न्हाय."

फीचं विचारलं तर म्हणाले, रोज एक भारा हिरवा चारा आणा. फक्त चारा? मला हेही खटकलं. मग त्यांनी ब्रूनोची पांघरायची गोधडी आणि माझा न धुतलेला शर्ट मागितला आणि तीन दिवस मेंढ्यांच्या दावणीत टाकून ठेवला. बायकोने घरी हे ऐकलं आणि कपाळाला हात लावला. "करणीबिरणी करतो की काय हो तो? अंगावरचा कपडा कुणी मागतं का?" मी तिला हसलो, पण तो शर्ट पुन्हा घातला नाही.

शिकवणी म्हणावी तर आठवडाभर काही झालंच नाही. मी रोज सकाळी नायगावहून चालत ब्रूनोला घेऊन जायचो, टॅक्सीवाले कुत्र्याला घेत नाहीत. तिथे गेल्यावर कुंपणाबाहेर मेंढ्यांकडे पाठ करून बसायचं. ब्रूनोनेही आणि मीही. मागे वळून बघायचं नाही. ब्रूनो थरथरायचा, कण्हायचा. मी म्हटलं, "मामा, हा शिकणार कसा? याला मेंढ्या दाखवा तरी."

"त्यानं कशाला बगायचं? आधी मेंढरांनी त्याला बगू द्या."

"आणि मग?"

"मग त्यांनी ठरवायचं, ह्याला घ्यायचा का न्हाय."

एके दिवशी मी सहज विचारलं, अशी किती कुत्री तयार केलीत? मामा शांतपणे म्हणाले, "एक बी न्हाय." मी उभाच राहिलो. "आमच्याकडं कुत्रं मेंढरं हाकत न्हाय. कुत्रं राखतं. रातीचं लांडगं येत्यात, त्यांच्यावर जातं. हाकायला मानूस हाय की." मी म्हटलं, मग माझ्या कुत्र्याला हो का म्हणालात? तर म्हणाले, "कुत्र्याला कोन शिकवतंय? त्याला येतंय सगळं. मी मेंढरांस्नी शिकवतोय. आन तुमाला."

त्या दिवशी मी घरी येईपर्यंत मनातल्या मनात क्लेम नामंजूर केला होता. अनुभव शून्य, नोकरीबद्दल लपवाछपवी, फी नाही, कपडे मागतो. पण दुसरा माणूस नव्हता आणि दिवाळीला पाच आठवडे उरले होते.

नवव्या दिवशी आम्ही कुंपणात शिरलो. ब्रूनोला लांब दोर. मेंढ्यांत एक वयस्क होती, कानाला खांड पडलेली, तिला मामा म्हातारी म्हणत. ती सगळ्यांच्या पुढे आली, पुढचा पाय आपटला, आणि ब्रूनो जवळ सरकला तशी तिने डोकं खाली घालून त्याला असा धक्का दिला की तो कोलमडून कुंईं करत माझ्या पायांत आला. मी दोर ओढायला गेलो तर मामांनी माझा हात धरला. "ऱ्हाऊ द्या. तिचं बोलनं झालं. आता त्याला कळलं किती लांब ऱ्हायचं." आणि खरंच, त्यानंतर ब्रूनो त्या अंतराच्या आत कधी गेला नाही.

मग मला शिकवलं. मी मेंढ्यांच्या अलीकडे, कुत्रा पलीकडे, आणि मी उलटा चालायचं. मी डावीकडे सरकलो की तो आपोआप उजवीकडून फिरतो, मेंढ्या माझ्या मागोमाग येतात. ऐकायला सोपं. पहिल्याच दिवशी मी उलटा चालता चालता पाण्याच्या हौदात बसलो. मेंढ्या थांबल्या, ब्रूनो थांबला, सगळे माझ्याकडे बघत राहिले. मामा हसले नाहीत. म्हणाले, "तुमी मागं बगितलंत. तुमाला वाटलं मी हौद सरकवला." हे खरं होतं. मला अगदी तसंच वाटलं होतं.

ब्रूनोवर मात्र त्यांचा जीव बसला. तो मान खाली घालून, डोळे न हलवता मेंढ्यांकडे बघायचा तेव्हा मामा तसेच स्थिर उभे राहून त्याच्याकडे बघायचे. "ह्ये आपल्या जातीचं हाय," ते एकदा म्हणाले, "कुनावर भरवसा टाकत न्हाय." त्यांनी त्याला कधी नावाने हाक मारली नाही, नाव परक्याने ठेवलेलं. नुसता जिभेचा एक आवाज काढत, र्र्र, आणि तो जागच्या जागी बसायचा. दोन आठवड्यांत तो माझंही ऐकायला लागला. घरी येऊन थकून झोपायचा. सोसायटीतल्या पोरांकडे बघायचा बंद झाला. बायकोने एका सकाळी मामांसाठी डब्यात शिरा दिला. मामांनी तो आधी मला खायला लावला, मग स्वतः खाल्ला.

एवढं सगळं चांगलं चाललं असताना मी ते केलं.

झालं असं की मेंढ्यांच्या मानेजवळ तळहाताएवढी जागा भादरलेली होती. सगळ्यांच्या, एकाच बाजूला. मी विचारलं तर मामा म्हणाले, "उवा." नऊच्या नऊ मेंढ्यांना एकाच जागी उवा कशा होतील? मग एका बुधवारी मी पोहोचलो तर फाटकाशी एक छोटा टेम्पो. मामांनी मला दाराशीच अडवलं. "आज शिकवनी न्हाय. जावा." त्यांचा चेहरा कधी नव्हे तो घाबरलेला होता. मी टपरीपर्यंत गेलो, हळूच मागे आलो आणि पत्र्याच्या फटीतून, जिच्यातून ते मला बघत होते त्याच फटीतून, आत पाहिलं. दोन माणसं हातमोजे घालून बसली होती. एका मेंढीला भिंतीशी धरलं होतं. आणि पेटीत बाटल्या होत्या. बाटल्यांत रक्त होतं.

घरी येईपर्यंत माझं डोकं फिरलं होतं. रक्ताचं काय करत असतील? कोण पितं, कोण विकतं, कुठल्या अघोरी माणसाला पुरवतात? उद्या ब्रूनोचंही रक्त त्या पेटीत गेलं तर? आता दुसरा कुणी असता तर त्याने मामांना सरळ विचारलं असतं, भांडला असता, नाहीतर कुत्रं घेऊन घरी बसला असता. मी पस्तीस वर्षं कारकुनी केलेला माणूस. मला शंका आली की माझा हात कागदाकडे जातो. मी टेबलाशी बसलो आणि लिहिलं, 'मा. अधिकारी साहेब यांचे सेवेशी. विषय: अनधिकृत मेंढीपालन व संशयास्पद रक्तसंकलनाबाबत.' खाली मुद्दे, एक ते सहा. शेवटी 'तरी कृपया चौकशी व्हावी, तसेच अर्जदाराचे नाव गुप्त ठेवावे ही विनंती.' पालिकेच्या वॉर्ड ऑफिसच्या खिडकीत जाऊन अर्ज दिला, प्रतीवर आवक शिक्का घेतला. शिक्का बसल्यावर मला बरं वाटलं. कर्तव्य केल्यासारखं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुन्हा ब्रूनोला घेऊन अँटॉप हिलला गेलो, कारण दिवाळी जवळ येत होती आणि दुसरा माणूस नव्हताच. याची मला तेव्हा लाज वाटली नाही, हे मुद्दाम सांगतो.

त्यानंतर चार-पाच दिवसांनी ब्रूनोने पहिल्यांदा दोर न लावता सगळ्या मेंढ्या माझ्यापाशी आणल्या. मामा खूश झाले. खाली बसले, मलाही बसवलं, आजूबाजूला बघितलं, आणि आवाज उतरवून बोलले.

"भाऊसाहेब, त्या दिवशी तुमी बगितलंत. मला म्हायती हाय. पत्र्याखालनं तुमच्या चपला दिसत हुत्या." मी चपलांकडे बघितलं. "आमच्या लॅबवाल्यांना मेंढराचं रगत लागतं. काचंच्या बशीत रगत घालून त्यावर आजाराचं जंतू वाडवत्यात. मग कळतं, मान्साला कुठलं औषद लागू पडंल. थोडंच काडत्यात, पंधरा दिसानं. मेंढराला काय होत न्हाय, मी बगतो ना. आदी तिकडंच मेंढरं हुती, मग तिकडं बंद झाली, म्हटलं मी पाळतो. परवानगीचा कागद तेवडा न्हाय. कुनाला सांगत न्हाय मी. रगत म्हटलं की लोक दगूड उचलत्यात. तुमाला सांगितलं."

का सांगितलं असेल, हे मी अजून विचार करतो. त्या क्षणी मला फक्त खिशातली शिक्क्याची प्रत आठवत होती. मी तिथून उठून थेट वॉर्ड ऑफिसला गेलो. खिडकीतल्या माणसाला म्हटलं, अर्ज मागे घ्यायचाय. त्याने रजिस्टर बघितलं. "पुढे गेला तो. आता साहेबांकडे." मी म्हटलं, चूक झाली. तो म्हणाला, "काका, चौकशीतच कळेल ना चूक झाली की नाही." हे वाक्य मी स्वतः लोकांना किती वेळा ऐकवलं होतं.

मामांना सांगायला हवं होतं. रोज सकाळी चालत जाताना ठरवायचो, आज सांगू. तिथे पोहोचलं की ब्रूनो कुंपणात शिरायचा, मामांचा चेहरा उजळायचा, आणि मी म्हणायचो, उद्या. सांगितलं आणि त्यांनी शिकवणी बंद केली तर? माझ्या कुत्र्याचं काय? असा तो हिशोब होता.

दिवाळीला आठ दिवस असताना पालिकेची गाडी आली. मी आणि ब्रूनो तिथेच होतो. चार माणसं उतरली, कागद दाखवला, फाटक उघडा म्हणाली. मामांनी कागद घेतला, डोळ्यांजवळ धरला, परत दिला, आणि दोन्ही कुलपं उघडली. त्या माणसांना मेंढ्यांची सवय नव्हती. त्यांनी एकीचा पाय धरून ओढला, बाकीच्या बुजल्या आणि उघड्या फाटकातून सरळ रस्त्यावर. समोरून बस येत होती, मागे दोन डंपर. म्हातारी दुभाजकावर चढली, दोघी टपरीमागे, बाकीच्या गाड्यांच्या मधून. पालिकेची माणसं हात पसरून पळायला लागली तशा त्या आणखी फाकल्या.

मामा माझ्याकडे वळले. "सोडा त्याला."

"मामा, रस्ता आहे."

"सोडा म्हन्तो ना. मरतील त्या."

मी दोर सोडला. ब्रूनो पोट जमिनीला टेकवून निघाला. बसच्या पुढून लांब वळसा घेतला, म्हातारीच्या पलीकडे गेला, थांबला, तिला फक्त बघितलं. ती खाली उतरली. टपरीमागच्या दोघी आपोआप तिच्यामागे आल्या. मग उरलेल्या. कुणाला दात लावला नाही, कुणाच्या जवळ गेला नाही. रस्त्यावरच्या गाड्या थांबल्या होत्या, लोक मोबाइल काढून उभे होते. नऊच्या नऊ गोळा करून तो मामांपाशी घेऊन आला. आणि मामा उलटे चालत, मागे न बघता, त्यांना पालिकेच्या गाडीच्या फळीपर्यंत घेऊन गेले. प्रत्येकीच्या पाठीवर हात ठेवत एकेक वर चढवली. शेवटची चढल्यावर जिभेचा तो आवाज काढला. ब्रूनो खाली बसला.

"झालं," मामा म्हणाले. "शिकलं तुमचं कुत्रं. पाठवून द्या आता."

मेंढ्या शहराबाहेर कुठेतरी नेल्या. सोडवून आणायला परवाना लागत होता, तो मामांना मिळणार नव्हता. ब्रूनो दिवाळीच्या आधी कणकवलीला पोहोचला. पहिल्याच दिवशी मेहुण्याने व्हिडिओ पाठवला, डोंगरउतारावर तीस शेळ्या आणि त्यांच्या मागे लांब वळसा घेत जाणारा ब्रूनो. बायको तो बघून रडली, आनंदाने. मी दुसऱ्या खोलीत गेलो.

दिवाळी झाल्यावर मी मामांकडे गेलो, या वेळी खरंच सांगायचं ठरवून. रिकाम्या शेडच्या दाराशी ते बसले होते. मी तोंड उघडायच्या आत त्यांनीच सुरुवात केली. कुणी केलं असेल याची यादी बोटांवर. पाण्याचा टँकरवाला, कारण तो हल्ली फार गोड बोलायचा. शेजारचा गॅरेजवाला, त्याला जागा पाहिजे. लॅबच्या गाडीचा नवा ड्रायव्हर. टपरीवाला. वसाहतीतली एक बाई, जी रोज खिडकीत उभी असायची. त्यांचा सख्खा पुतण्या. तो कंपाउंडर. वसाहतीतले आणखी तिघे. एकेक नाव घेऊन ते थांबत, विचार करत, मान हलवत. मी माझ्या नावाची वाट बघत होतो. यावं असंच वाटत होतं, म्हणजे सांगायचं काम तरी वाचलं असतं. दहाही बोटं झाली. माझं नाव आलं नाही.

मग म्हणाले, "भाऊसाहेब, तुमी हापिसात हुता. मला एक अर्ज लिवून द्या. कुनी तक्रार केली त्याचं नाव कळाय पायजे."

मी लिहिला. 'मा. अधिकारी साहेब यांचे सेवेशी. कोणा अज्ञात इसमाने केलेल्या खोट्या तक्रारीवरून...' पेन तेच, अक्षर तेच. हा माणूस कुठलाही कागद दोन वेगवेगळ्या लोकांकडून वाचून घेतल्याशिवाय सही करत नसे. त्या दिवशी माझ्याकडून कागद घेतला, कुणाकडून वाचून न घेता सही केली, आणि खिडकीत द्यायलाही माझ्याच हातात ठेवला. मी वॉर्ड ऑफिसला गेलो. खिडकीत तोच माणूस होता. तो माझ्याकडे बघून ओळखीचं हसला. मी परत फिरलो.

अर्ज माझ्या कपाटात आहे. फाडवतही नाही आणि देववतही नाही. मी अजून महिन्यातून एकदा अँटॉप हिलला जातो, टपरीवर मामांना ब्रूनोचे नवे व्हिडिओ दाखवतो. ते फोन डोळ्यांना लावून बघतात, मध्येच "आता वळंल बगा" म्हणतात, आणि तो वळतो. मग अर्जाचं विचारतात. परवाही विचारलं. मी म्हटलं, अजून काही उत्तर नाही.

त्यांनी चहाचा ग्लास खाली ठेवला. मग जवळ सरकून, टपरीवाल्याला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाले, "त्यो अर्ज वर गेलाच न्हाय. मदी कुनीतरी दाबून ठिवलाय."

"तसं असेल," मी म्हटलं.

"असंल न्हाय, हायच. तुमाला न्हाय कळायचं, भाऊसाहेब. तुमी सादा मानूस."

मी हो म्हटलं आणि मेहुण्याने पाठवलेला दुसरा व्हिडिओ लावला.